धबधब्याला जाताना: पाण्याची ओळख आधी, भिजणं नंतर

रतनवाडीच्या वाटेवर एका ओढ्याकाठी आम्ही डबे उघडून बसलो होतो. वर कड्यावरून धार पडत होती, ऊन होतं, पाणी तळ दिसेल इतकं नितळ होतं. जेवायला बसण्याआधी वाटाड्या मामांनी पाण्याच्या अगदी कडेला दोन दगडांच्या फटीत कारवीची काडी उभी खोचली. मी कारण विचारलं नाही. अर्धी भाकरी झाली असेल, तोच मामा ताडकन उठले. "चला वर. डबे राहू द्या." काडी निम्मी बुडाली होती आणि पाण्याला चहाचा रंग आला होता. वीस-पंचवीस पावलं चढून मागे पाहिलं, तर आम्ही बसलो होतो तो कातळ दिसत नव्हता. आमच्या डोक्यावर तेव्हाही ऊनच होतं. पाऊस झाला होता तो वर, रतनगडाच्या अंगाला.

धबधब्याला जायची माझी सगळी तयारी त्या दिवसापासून बदलली. आपल्यासमोर पडणारं पाणी आपल्याला न दिसणाऱ्या डोंगरावरून येतं, त्यामुळे आधी तो डोंगर समजून घ्यायचा आणि मग पाण्याकडे जायचं. पुढे जे लिहिते आहे ते याच क्रमाने. उदाहरणं मुख्यतः भंडारदऱ्याच्या परिसरातली घेतली आहेत, कारण तो मुलूख माझ्या पायाखालचा आहे.

पायरी 1: धबधबा कशावर चालतो ते शोधा

सगळे धबधबे एका जातीचे नसतात. सह्याद्रीच्या कड्यांवरून पावसाळ्यात कोसळणाऱ्या शेकडो धारा फक्त पावसावर जगतात. त्या जूनअखेरीस उठतात आणि ऑक्टोबरमध्ये कातळावर नुसती ओल ठेवून जातात. ताम्हिणी, माळशेज, आंबोली घाटातल्या बहुतेक धारा याच. दोन दिवस उघडीप झाली की त्या बारीक होतात आणि एका सरीत दुप्पट होतात.

दुसरे नदीचे धबधबे. किनवट तालुक्यात पैनगंगेवरचं सहस्रकुंड घ्या. तिथलं पाणी लांबून, मोठ्या खोऱ्यातून गोळा होऊन येतं. ते सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. मराठवाड्यातले धबधबे पाहायचे तर घाई करू नका, ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर बरा.

तिसरे धरणाच्या हाताखालचे, आणि इथेच लोक फसतात. प्रवरेवरचा रंधा धबधबा भंडारदऱ्याच्या खाली आहे. हे धरण 1926 साली पूर्ण झालं. तेव्हापासून रंध्याचं पाणी आभाळाइतकंच धरणाच्या विसर्गावर ठरतं. धरणाच्या पायथ्याशी छत्रीसारखा गोल पडणारा अंब्रेला फॉल तर पाणी सोडलं तरच दिसतो. अशा ठिकाणी निघण्यापूर्वी विसर्गाची बातमी पाहायची. स्थानिक वर्तमानपत्रांत आणि जिल्हा प्रशासनाच्या सूचनांत ती येते. खालच्या पात्रात उतरून बसायचं तर अजिबात नाही. भोंगा वाजला आणि तुम्हाला धबधब्याच्या आवाजात तो ऐकू आला नाही, असं सहज होऊ शकतं.

दूधसागरचं वेगळं सांगावं लागतं. गोवा आणि कर्नाटकाच्या सीमेवर, मांडवीच्या पाण्याचा हा सुमारे 310 मीटरचा चार टप्प्यांचा धबधबा आहे. रेल्वे त्याच्या अंगावरून जाते, म्हणून रुळांवरून चालत जायचा मोह होतो. त्याला मनाई आहे आणि ती रास्त आहे: बोगदे अरुंद, पावसाच्या आवाजात गाडी ऐकू येत नाही, बाजूला सरकायला जागा नाही. पावसाळा सरल्यावर कुळेहून वनखात्याच्या परवानगीने जाणाऱ्या जीपने जा, किंवा भर पावसात गाडीच्या खिडकीतून पाहा. मला खिडकीतून दिसलेला दूधसागर जास्त आवडला. डब्यातली सगळी माणसं एका बाजूला आली होती आणि कुणीच बोलत नव्हतं.

पायरी 2: पाणलोट मोजा

नकाशा उघडा, धबधब्यावर बोट ठेवा आणि ओढ्याच्या उलट दिशेने वर जा. ज्या डोंगरउतारांचं पाणी या ओढ्याला मिळतं, तो सगळा त्याचा पाणलोट. त्याचं क्षेत्र ढोबळमानाने काढता येतं. एक चौरस किलोमीटर पाणलोटावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे 10 कोटी लिटर पाणी झालं. त्यातलं थोडं माती पिते, पण जुलैत सह्याद्रीच्या माथ्यावर मातीच पातळ आणि तीही आधीच भिजून चिंब असते. उरलेलं पाणी तुमच्या ओढ्याकडे निघतं. उतार तीव्र असेल तर त्याला फार वेळ लागत नाही.

हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे जोरदार, 115.6 च्या वर अतिजोरदार आणि 204.4 च्या वर अत्यंत जोरदार. घाटमाथ्यावर हे आकडे पावसाळ्यात नवे नाहीत. इशारा पाहताना जिल्हा पाहू नका, त्यात 'घाट क्षेत्र' वेगळं दिलेलं असतं, ते पाहा. पुण्यात बूंदाबांदी असते तेव्हा ताम्हिणीत रस्ता दिसत नसतो. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकला. यलो असेल तर लांबून पाहायचे धबधबे करा, पात्रात उतरायचे नको. 'मौसम' ॲप आणि विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या. मात्र बहुतेक दऱ्यांमध्ये रेंज नसते, म्हणून अंदाज सकाळी निघतानाच पाहून घ्यायचा.

त्याच वेळी जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश आहे का तेही तपासा. पावसाळ्यात बऱ्याच धबधब्यांवर तो असतो. आदेश असेल तर दुसरी जागा शोधा.

पायरी 3: महिना आणि वेळ ठरवा

जुलैत पाणी भरपूर असतं, पण धुकंही तितकंच असतं. तासन्‌तास उभं राहून समोर नुसता पांढरा पडदा दिसतो आणि आतून धडधड ऐकू येते. त्यातही मजा आहे. पण पाहायचंच असेल तर ऑगस्टची अखेर ते सप्टेंबरचा मध्य ही वेळ धरा. पाणी टिकलेलं असतं, अधूनमधून ऊन येतं आणि पठारांवर सोनकी, तेरडा फुलू लागतात.

इंद्रधनुष्य पाहण्याची एक साधी युक्ती आहे. सूर्य पाठीशी घ्या, स्वतःच्या डोक्याची सावली जिकडे पडते तिकडे तोंड करा आणि तिथून साधारण 42 अंशांवरच्या तुषारांत शोधा. म्हणजे पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यांवर दुपारी साडेतीन-चारनंतर आणि पूर्वेकडे तोंड असलेल्यांवर सकाळी. कड्यावरून खाली तुषारांकडे पाहत असाल तर भर दुपारीही दिसतं.

उलटा धबधबा पाहायचा असेल तर मात्र जुलैच हवा. नाणेघाटासारख्या ठिकाणी समुद्राकडून येणारा वारा सरळ कड्यावर आपटतो, नाळेतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, वर घुसतो आणि खाली पडू पाहणारी धार माथ्यावर परत फेकतो. सातवाहनांच्या काळातला हा व्यापारी मार्ग. सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण तिथेच आहे. वाऱ्यावर रेलून कड्याशी उभं राहायला लोकांना आवडतं. वारा एक क्षणभर पडला की तोल पुढे जातो. कड्यापासून दोन माणसांच्या उंचीएवढं अंतर ठेवा, आणि त्याहून जवळ जायचंच असेल तर पालथं झोपून पाहा.

पायरी 4: गावात थांबा

धबधब्याआधीच्या शेवटच्या गावात गाडी थांबवा, चहा घ्या आणि विचारा. "पाणी कसं आहे?" असं मोघम विचारलं तर "चांगलं आहे" असं उत्तर येतं. नेमकं विचारा: काल रात्री वर पाऊस झाला का? ओढा सकाळपेक्षा चढलाय की उतरलाय? यंदा कुठे दरड आली का? माघारी येताना दुसऱ्या बाजूने वाट आहे का? ही उत्तरं नकाशात नसतात.

भंडारदऱ्याला जलाशयाभोवती फिरताना शेंडीहून निघालं की मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी गावं लागतात. बरीचशी वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची आहे. तुम्ही जाल तेव्हा खाचरांत भाताची आवणी चाललेली असते. बांधावरून चालायचं असेल तर विचारून चाला, कारण बांध फुटला तर खाचरातलं पाणी जातं आणि ते पुन्हा धरून ठेवणं किती कष्टाचं आहे हे शेतकऱ्यालाच ठाऊक. जेवण आधी सांगून ठेवा. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा एवढं मिळालं तरी पुष्कळ आहे. वाटाड्या घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. तुम्ही त्याची वाट दाखवण्याची मेहनत मोजत असता, पण तो ज्या क्षणी "चला वर" म्हणतो, त्याची किंमत त्यातच आली.

पायरी 5: आधी लांबून पाहा, दगडाकडे पाहा

पोचल्या पोचल्या पाण्याकडे धावू नका. समोरच्या दरडीवरून अख्खा धबधबा दिसेल अशी जागा शोधा आणि दहा मिनिटं बसा.

धार एका झेपेत पडते की टप्प्याटप्प्याने? सह्याद्रीत बहुतेक वेळा टप्पे दिसतील. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला, पसरला, थंडावला, त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर चढून दख्खनचा डोंगर उभा राहिला. त्याला भूशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात आणि तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. प्रत्येक थराचा गाभा घट्ट काळ्या पाषाणाचा असतो. वरचा भाग मात्र वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, पोकळ्यांत झिओलाइट नावाचं पांढरं खनिज भरलेला. दोन थरांच्या मध्ये कधीकधी विटकरी लाल पट्टा दिसतो. तो म्हणजे भाजल्यासारखी झालेली जुनी माती. पाणी ही मऊ पट्टी आधी पोखरतं. वरचा घट्ट कातळ छज्जासारखा पुढे राहतो, मग त्याचाही आधार जातो आणि तो उभ्या चिरांवरून तुटून खाली पडतो. धबधबा अशा रीतीने कणाकणाने मागे सरकत असतो.

याचा व्यवहारातला अर्थ फार महत्त्वाचा आहे. धारेच्या मागे जी गुहेसारखी जागा दिसते, तिथे जाऊन उभं राहायला सगळ्यांना आवडतं. ती जागा नेमकी त्या मऊ थरात झालेली असते आणि डोक्यावरचा छज्जा कधीतरी तुटणारच असतो. खाली पडलेले मोठाले, धारदार कडांचे, शेवाळ न धरलेले दगड दिसले तर समजा की ते अलीकडेच वरून आले आहेत. तिथे थांबू नका.

धार जिथे पडते त्या डोहाचंही असंच. पाण्याबरोबर आलेले गोटे तळाशी गरगर फिरत राहतात आणि कातळाला रांजणासारखं कोरतात. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात असे रांजणखळगे उघड्यावर पाहायला मिळतात, काही तर माणूस उभा मावेल इतके खोल. धबधब्याच्या डोहात ते फेसाखाली दडलेले असतात. काठाशी घोटाभर पाणी आणि पुढच्याच पावलाला तळ नाही, असं तिथे घडतं. चांगला पोहणारा माणूसही अशा डोहात का बुडतो, त्याचं कारण हे, आणि शिवाय फेसाळ पाण्यात हवा इतकी असते की अंग नेहमीसारखं तरंगत नाही.

सगळीच दगडी कहाणी एक नाही, हेही लक्षात असू द्या. दूधसागरचा खडक या काळ्या पाषाणाहून कितीतरी जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा आहे, आणि म्हणून तिथलं पाणी पायऱ्यांवरून उडी घेण्याऐवजी तिरक्या उतारावरून घसरत, पसरत येतं. दुधाचा भास त्यामुळेच होतो.

पायरी 6: पाण्याजवळ जाताना काडी रोवा

आता खाली उतरा. पायात चांगली पकड असलेले बूट हवेत. चप्पल आणि जीन्स नको, भिजलेली जीन्स पायाला बेडीसारखी जड होते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, गळ्यात शिट्टी, जळवांसाठी मीठ. आपण कुठे जातो आणि कधी परतणार हे घरी सांगून आलेले असा.

बसण्याआधी काडी रोवा. काडी नसेल तर कडेच्या एखाद्या दगडावरची खूण डोळ्यांत भरून ठेवा. मग दर पाच मिनिटांनी तिकडे पाहा. त्याशिवाय या खुणांवर कान-डोळे ठेवा: पाणी नितळचं गढूळ होणं, पाण्यावर ओली पानं, काटक्या, गवत वाहत येणं, मातीचा वास येणं, आणि धबधब्याच्या आवाजात खालून गडगड मिसळणं. तो गडगडाट दगड वाहून येण्याचा असतो. यातली एक खूण दिसली तरी उठा. सामान गोळा करत बसू नका.

निघायचं ते कडेने वर, ओढ्याच्या दिशेने खाली कधीच नाही. ओढा ओलांडून गाडी पलीकडे असेल तर असू द्या. डोंगरातलं पाणी जसं चटकन चढतं तसं पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतंही. वाट पाहा. गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसाला उलथवतं. हात धरून साखळी करून ओलांडणं सुरक्षित वाटतं, पण एकाचा पाय निसटला की तो बाकीच्यांना ओढतो. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. लोंढा आला तेव्हा ती प्रवाहाच्या मधल्या कातळावर एकमेकांना घट्ट धरून उभी होती. मुलांना घेऊन पाण्याच्या मधोमध असलेल्या दगडावर बसू नका, हे मी प्रत्येक वेळी, ओळख नसलेल्या लोकांनाही सांगते. काहींना राग येतो. येऊ द्या.

कुणी वाहून जाताना दिसलं तर मागे उडी मारू नका. दोर, साडी, ओढणी, लांब काठी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेका. काठाने खाली धावा, शिट्टी वाजवा, एकाला गावात पळवा आणि 112 ला फोन लावा. रुग्णवाहिकेसाठी 108.

पायरी 7: तिथला देव कोण ते विचारा

जवळजवळ प्रत्येक जुन्या धबधब्यापाशी देव आहे. रंध्याला घोरपडादेवी आहे. लोक आधी देवीला जातात आणि मग कठड्याशी येतात. देवरुखजवळ मार्लेश्वर गुहेत बसला आहे आणि शेजारी धारेश्वराचा धबधबा पडतो. मकर संक्रांतीला मार्लेश्वराचं गिरिजादेवीशी लग्न लागतं आणि डोंगरात वऱ्हाड जमतं. पाटोदा तालुक्यात सौताड्याला रामेश्वर दरीच्या तळाशी आहे, पायऱ्या उतरत गेलं की एका बाजूला देऊळ आणि समोर पाणी. चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले, असं सांगतात.

महाडजवळ शिवथरघळीत समर्थ रामदासांनी कोसळत्या पाण्यासाठी 'धबाबा' हा शब्द वापरला. घळीत बसून तो एकदा मोठ्याने म्हणून पाहा. ओठ मिटतात-उघडतात तसा पाण्याचाच ठेका लागतो.

पाण्याजवळ राहायला माणूस फार पूर्वीपासून आला आहे. अजिंठ्याला वाघोरा नदी घोड्याच्या नालेसारख्या दरीच्या टोकाशी सात टप्प्यांत उतरते आणि तिच्याच काठच्या कड्यात इसवी सनपूर्व काळापासून लेणी कोरली गेली. वर्षावासात भिक्षू जिथे थांबत, तिथे पावसाळ्यात त्यांना हाच आवाज ऐकू येत असणार. वेरूळच्या 29 क्रमांकाच्या लेण्याशेजारी वेळगंगेची धार पडते, तिला सीतेची न्हाणी म्हणतात. आणि नळदुर्ग पाहाच. बोरी नदीला किल्ल्यातच बांध घालून, त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, 1613 चं हे काम. नदी भरली की पाणी दोन वाटांनी बांधावरून उडी घेतं, त्यांना नर आणि मादी म्हणतात. महालाच्या खिडकीत उभं राहिलं की पाणी तुमच्या डोक्यावरून पुढे जाऊन खाली पडतं आणि अंगावर थेंब येत नाही. माणसाने बांधलेला इतका देखणा धबधबा मी दुसरा पाहिला नाही.

देवळाजवळची झाडी बहुधा देवराई असते. तिथली वाळकी फांदीसुद्धा गावकरी नेत नाहीत. आपणही नेऊ नये, तिथे चूल पेटवू नये आणि दारू पिऊन तर जाऊच नये. देव म्हणून ज्या पाण्याला हात जोडले जातात ते खालच्या वाडीचं पिण्याचं पाणीही असतं. म्हणून साबण, शांपू काहीच नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे याच ओढ्यांनी वर येतात अंडी घालायला. कातळाच्या कपारीत शीळकरी कस्तूर घरटं करतो. पहाटे लवकर गेलात तर धबधब्याच्या आवाजावरूनही त्याची माणसासारखी, थोडी भरकटलेली शीळ ऐकू येईल. स्पीकर लावलेला असेल तर येणार नाही.

पायरी 8: फेब्रुवारीत पुन्हा जा

हे फार कमी लोक करतात आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. जो धबधबा पावसात पाहिला, तिथे कोरड्या दिवसांत एकदा जा. पावसावरच्या धारा आटलेल्या असतात, कडा उघडा पडलेला असतो. लाल पट्टी हाताने चाचपता येते, छज्जा किती पुढे आला आहे ते खालून दिसतं, डोहाचा तळ आणि त्यातले रांजण दिसतात. तुम्ही ऑगस्टमध्ये पाय सोडून कुठे बसला होता तो दगड शोधा. मग मान वर करून काठच्या झाडांकडे पाहा. उंबराच्या, जांभळीच्या फांद्यांत वाळलेलं गवत, काटक्या, एखादी फाटकी पिशवी अडकलेली असते. पुराच्या दिवशी पाणी तिथवर आलेलं होतं. रतनवाडीच्या त्या ओढ्याकाठी मी आमच्या जेवणाच्या कातळावर उभी राहिले आणि हात वर केला. बोटं त्या गवतापर्यंत पोचली नाहीत.